शेजारच्या पन्हळीचे पाणी

गावाचे नाव मी लिहीत नाही. नांदुरा आणि शेगाव यांच्या दरम्यान, रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर ते आहे, एवढे पुरे. ज्या कार्यालयाविषयी पुढे लिहायचे आहे ते अद्याप अस्तित्वात आहे, त्याच्याशी माझा पत्रव्यवहार अद्याप चालू आहे, आणि प्रतिपक्षाचे नाव छापील मजकुरात घेणे मला प्रशस्त वाटत नाही. राग मात्र लपवण्याचे कारण नाही. आकाशातले पाणी सर्वांच्या छपरांवर सारख्याच न्यायाने पडते. ते गोळा करून सिमेंटच्या गटारात घालायचे, गटार गावाबाहेरच्या नाल्यात सोडायचे, आणि चैत्र लागला की त्याच गावाने पाण्यासाठी अर्ज करायचे, ही व्यवस्था ज्यांनी काढली त्यांना माझ्या एकाही पत्राचे समाधानकारक उत्तर आजवर देता आलेले नाही.

हे सारे माझ्या पत्नीमुळे सुरू झाले. हे वाक्य वाचून ती म्हणेल की तिने काहीच सुरू केले नाही, तिला फक्त डाळ शिजवायची होती. तेही खरे आहे.

महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतेच झाले होते. आम्ही वऱ्हाडातली माणसे थोड्याच वर्षांत मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आणि तेथून महाराष्ट्रात आलो होतो. कचेऱ्यांतले जुने छापील कागद संपले नसल्यामुळे शिरोभागीचे राज्याचे नाव खोडून त्यावर नवे लिहिण्याचे काम बराच काळ चालू होते. मी तालुक्याच्या गावी एका वकिलांकडे कारकून होतो. सनद माझ्याजवळ नव्हती. परंतु दावे, कैफियती आणि नोटिसा यांचे मसुदे मी करीत असे आणि वकीलसाहेब खाली सही करीत. गल्लीत मला 'वकील' म्हणत. त्यात आदर किती आणि टोमणा किती, हे बोलणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून असे.

घर वाटणीत आलेले. पुढे दोन खोल्या, कौलारू छप्पर, त्याचा उतार रस्त्याकडे. मागे लांबट अंगण. एका कोपऱ्यात न्हाणी, दुसऱ्या कोपऱ्यात आड. डाव्या हाताला शेजारच्या काकींचे घर. काकी विधवा, वयाने माझ्या आईएवढ्या, आणि जिभेने गल्लीतल्या सर्वांहून मोठ्या. त्यांचे घर धाब्याचे होते, म्हणजे वर कौले नव्हती, मातीची सपाट गच्ची होती. एवढ्या मोठ्या धाब्यावरचे सगळे पाणी एकाच लाकडी पन्हळीतून बाहेर पडे, आणि ती पन्हळ माझ्या अंगणावर होती. नेमक्या त्याच जागी मला एक खोली बांधायची होती. तिला मागच्या बोळातून वेगळे दार असेल, आत टेबल आणि कायद्याच्या पुस्तकांचे कपाट असेल, दारावर माझ्या नावाची पाटी असेल, असे मी मनाशी पुष्कळदा रचले होते.

आमचा भाग खारपाण पट्ट्यातला. जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारे. आडाच्या पाण्यात डाळ शिजत नसे, साबणाला फेस येत नसे, लावलेली तुळस कडांनी करपत जाई. पिण्याचे पाणी नदीच्या पात्रात वाळू उकरून केलेल्या झिऱ्यावरून आणावे लागे, आणि उन्हाळ्यात झिराही आटे. गोड्या पाण्याच्या गावांतले लोक खाऱ्या गावात मुलगी देत नाहीत. हा नियम कोठे लिहिलेला नाही. पण लिहिलेल्या कोणत्याही नियमापेक्षा त्याची अंमलबजावणी काटेकोर होते.

माझी पत्नी पिंपळगाव राजाकडची, भाजीपाल्याच्या मळ्यातली. तिच्या वडिलांनी मला पसंत केले ते माझ्या अक्षरावरून, असे नंतर कळले. गावाने मात्र त्यांची झोप उडवली होती. सुपारी फुटण्याआधी त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले, "पोरगी देतो. पन शिमगा झाला का तिले घेऊन जाईन, अन् पानी पडल्यावरच धाडीन. माह्या मळ्यातली पोरगी खाऱ्या पान्यावर वाळवाले नाई देत मी."

मी होकार दिला. अट लेखी असती तर मी तिच्यात पळवाट शोधली असती. तोंडी अटीला पळवाट नसते.

त्याप्रमाणे दर वर्षी शिमगा झाला की माझा मेहुणा दमणी जुंपून येई. दमणी म्हणजे बसायची हलकी बैलगाडी. पत्नी तीत बसे, गाडी स्टेशनच्या रस्त्याला वळे, आणि मी उन्हाळाभर एकटा राही. मी तिला पत्रे लिहीत असे. मला एकच लेखनपद्धती येत होती. पत्राच्या माथ्यावर 'विषय : घरी परत येण्याबाबत' असे लिहून मग मी उपरोक्त विषयाकडे वळत असे. तिचे उत्तर एकदा असे आले, 'तुमचं पत्र भेटलं. शिक्का नाई दिसला. शिक्क्याबिगर आमच्या घरी कोनी काई मंजूर करत नाई.' माझी मागणी एवढीच होती, आणि ती कोणत्याही न्यायालयात दाखल करण्यासारखी नव्हती, की उन्हाळ्यात माझी बायको माझ्या घरी असावी.

काकींच्या पन्हळीविरुद्ध मी पहिल्याच वर्षी अर्ज केला होता. पन्हळीच्या धारेने अंगणात घळ पडली आणि माझ्या मागच्या भिंतीला ओल धरली. अर्जात म्हटले होते की गैरअर्जदार बाईंनी सदर पन्हळ रस्त्याकडे वळवावी, असा हुकूम व्हावा. अर्ज निर्दोष होता. नक्कल काकींना रीतसर दिली. काकींनी ती लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून बांधली आणि माझ्या पत्नीला भिंतीवरून सांगितले, "तुह्या नवऱ्याचा कागद मजबूत हाय व माय. तेल नाई झिरपत." नगरपालिकेकडून उत्तर आले नाही.

आता अंगणाविषयी. पत्नी प्रथम आली तेव्हा अंगणात काही उगवत नव्हते. जमीन सारवल्यासारखी टणक, आणि ऊन तापू लागले की तिच्यावर पांढरी पापडी धरे, ती खाराची. पत्नीला ते उघडे अंगण पाहवत नसे. ती म्हणायची, "उगडी जमीन उन्हात घालाची अन् मंग म्हनाचं खार वर आला. येईन नाई तं काय करीन? ऊनच ओढते त्याले." तिने स्टेशनरस्त्यावरच्या कडूलिंबांचा पाला टोपल्यांनी आणला, शेतांतून पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, आणल्या, कोणाच्या गोठ्यातले उरलेले कुटार म्हणजे भुसकट आणले, आणि सगळे अंगण झाकून टाकले. घरात पाहुणा आला की तो आधी मागे डोकावून विचारी की इकडे गुरे बांधता काय.

सगळेच साधले असे नाही. कढीलिंबाचे रोप तिने माहेराहून हौसेने आणले आणि न्हाणीच्या तोंडाशी लावले. साबणाच्या पाण्याने ते आठवड्यात गेले. त्यावर ती रडली, हे ती आज कबूल करीत नाही. मग घरात साबण बंद झाला. अंगाला बेसन, डोक्याला शिकेकाई. भांड्यांच्या राखेचे पाणी बाहेर, न्हाणीचे पाणी केळीला, तांदूळ धुतलेले अळवाला, अशी विभागणी तिने ठरवली आणि ती मोडण्याची मुभा मलाही नव्हती. मी एकदा हात धुतलेले पाणी चुकीच्या बाजूला टाकले, तर म्हणाली, "हद्द पाहून टाका. तुमालेच तं हद्दीचं लय कौतुक हाय."

खड्ड्याची कल्पना मात्र माझी. एका बांधाच्या दाव्यात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची साक्ष मी उतरवून घेत होतो. बांध का घातला, या प्रश्नाला त्याने उत्तर दिले की खारपाणात पावसाचे पाणी वावरात उभे राहिले की खार खाली दबतो आणि गोडे पाणी वर राहते. वाहून गेले की नुसता खार उरतो. साक्ष दाव्याच्या दृष्टीने अप्रस्तुत होती. वकीलसाहेबांनी ती सोडून द्यायला सांगितली. मी ती घरी आणली.

त्या रात्रीचे जेवण तिने अर्धे टाकले, आणि दुसऱ्याच दिवशी ती पन्हळीखाली उभी राहून धाब्याकडे पाहत होती. ज्या पाण्याविरुद्ध माझा अर्ज पडून होता, ते गावातले सर्वांत गोडे पाणी होते आणि ते फुकट माझ्या अंगणात येऊन पडत होते.

आम्ही सुट्टीच्या दिवशी खणत असू. पन्हळीखाली फुटका पाटा बसवला, म्हणजे धार जमिनीला लागणार नाही. तेथून आडापर्यंत एक चर काढला, तोही सरळ नव्हे. मी दोरी लावून सरळ आखला होता. तिने दोरी काढून टाकली आणि चर केळीला, शेवग्याला, अळवाला वळसे घालीत नेला. "पान्याले घाई नका करू देऊ," ती म्हणाली. "पाव्हन्यासारखं बसू द्या, पान खाऊ द्या, मंग जाऊ द्या." आडाच्या कडेला खोल खड्डा; त्यात विटांचे तुकडे, वर गोटे, त्यावर पऱ्हाटी, सर्वांवर पाला. काकी धाब्यावरून पाहत होत्या.

"वकील साहेब, कोनाले पुरून राह्यले?"

"पाण्याला, काकी."

"माह्या पान्याले? पयले नोटीस देल्ली, आता मूठमाती देता काय?"

पहिल्या पावसाळ्याने काही झाले नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास, पत्नीने आडाच्या पाण्यात डाळ शिजवून पाहिली. ती शिजली. तिने मला हाक मारली नाही. वाटीत डाळ घेऊन भिंतीपाशी गेली आणि आधी काकींना दाखवली, कारण खाऱ्या पाण्याची डाळ काय असते हे काकींना माझ्याहून अधिक काळ ठाऊक होते. तेव्हापासून काकी आमच्या आडावर येऊ लागल्या. धाबे माझे म्हणजे पाणी माझे, असे म्हणत येत.

एक गोष्ट तिने लवकर ओळखली. गोडे पाणी आडात वर तरंगते आणि खारे तळाशी असते. बादली खोल सोडून हिसडा दिला की दोन्ही मिसळतात. म्हणून तिने आडाची दोरी तोडून आखूड केली. बादली पाण्याला जेमतेम टेके, हळूच कलंडे, आणि अर्धीच भरून वर येई. पाणी जसे उतरे तशी ती दोरीला वीतवीत जोडत जाई. त्या वर्षी गोडे पाणी शिमग्यानंतरही काही दिवस टिकले. तरी दमणी आली आणि ती गेली. पण जाताना प्रथमच मागे वळून आडाकडे पाहून गेली.

ती परत आली त्याच आखाडात नगरपालिकेचा हुकूम आला. माझा अर्ज मंजूर झाला होता.

इतकी वर्षे तो अर्ज कोठे होता, कोणत्या फडताळात त्याने किती उंदीर पोसले, हे मी लेखी विचारले आहे; उत्तर नाही. झाले असे की रस्त्याला सिमेंटचे नवे गटार आले, त्यात सोडायला पाणी हवे होते, म्हणून जुन्या तक्रारी काढल्या गेल्या. हुकूम काकींच्या नावे होता. अर्जदाराच्या तक्रारीस अनुसरून पन्हळ पोळ्यापूर्वी रस्त्याकडे वळवावी, न वळवल्यास कार्यालय स्वतः ती काढील. काकी तो कागद घेऊन आमच्या ओट्यावर आल्या. ओरडल्या नाहीत, हेच भयंकर होते.

"वाचा," त्या म्हणाल्या.

मी वाचला.

"आता सांगा मले. माह्या धाब्याचा उतार सासऱ्यानं मांगं देला. पन्हळ म्होरं न्याची तं अख्खं धाबं उकरा लागते. अन् माहं पानी गटारात गेलं तं तुमचा आड काय पीन? तुमचे अर्ज?"

पत्नी दारात उभी होती.  ती मागे गेली आणि पन्हळीखालचा पाटा विनाकारण पाण्याने धूत बसली.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घेण्याचा अर्ज केला. नगरपालिकेतल्या बाबूंनी सांगितले की हुकूम झाल्यावर अर्ज मागे घेता येत नाही. हे कायद्याने बरोबर होते, म्हणून मला अधिकच संताप आला. मग मी म्हटले, सुनावणी द्या. ती त्यांना नाकारता येत नव्हती, हेही कायद्याने बरोबर होते.

सुनावणीला मुख्याधिकारी होते, शेजारी ओव्हरसियर. मी उभा राहिलो. काकी बाकावर बसल्या, पदर डोक्यावरून घेऊन, लग्नाला आल्यासारख्या. मी सांगितले की कोणाच्या छपराचे पाणी दुसऱ्याच्या जागेत वीस वर्षांहून अधिक काळ, उघडपणे, विनातंटा आणि हक्क म्हणून पडत असेल, तर तो वहिवाटीचा हक्क होतो. काकींच्या धाब्याचे पाणी त्यांच्या सासऱ्यांपासून माझ्या अंगणात पडते. सबब त्यांना तसा हक्क आहे, आणि अर्जदाराची तक्रार फेटाळण्यास पात्र आहे.

मुख्याधिकाऱ्यांनी कागद चाळले. "पण अर्जदार तुम्हीच आहात."

"होय."

"म्हणजे तुम्ही तुमच्याच विरुद्ध बोलत आहात?"

"कायदा अर्जदाराच्या विरुद्ध आहे. मी फक्त तो दाखवून देतो आहे."

ओव्हरसियर हसले. काकी बाकावरून म्हणाल्या, "हाव साहेब, मले हक्कच हाय. लग्न होऊन आली तवापासून याच्या अंगनात पानी पडून राह्यलं. हा तवा जलमला बी नव्हता."

"अन् 'विनातंटा' कसं?" मुख्याधिकाऱ्यांनी विचारले. "यांनी तर अर्ज केला होता."

"अर्जाने पाणी अडत नाही," मी म्हणालो. "प्रत्यक्ष अडवावे लागते. मी अडवले नाही."

"अडवाले थो काय महादेव हाय?" काकी म्हणाल्या, आणि मग मुख्याधिकारीही हसले.

ओव्हरसियर अंगण पाहून गेले. डास होतात, असा त्यांचा आक्षेप होता. पत्नीने खड्ड्यावरचा पाला बाजूला करून दाखवला. पाणी उभे नव्हते, जिरलेले होते. एक बेडूक मात्र होता. तो ओव्हरसियरांच्या बुटावर बसला, आणि डासांचा मुद्दा तेथेच संपला.

शेवटी मुख्याधिकारी म्हणाले की हुकूम रद्द करतो, पण एका अटीवर. "तुमचा भरवसा नाही. उद्या मनात आलं की पुन्हा अर्ज टाकाल. पन्हळीखालची जागा कायम मोकळी ठेवीन, तीत बांधकाम करणार नाही, आणि हे माझ्या वारसांवर बंधनकारक राहील, असं लिहून नोंदवून द्या."

हातभर जागेसाठी सख्खे भाऊ मरेपर्यंत न बोललेले मी पाहिले होते. त्यांचे कागद मीच लिहिले होते. तोच मी संध्याकाळी चुलीशेजारी पाटावर बसून माझ्याच जागेवर शेजाऱ्याचे ओझे कायमचे चढवणारा दस्त लिहू लागलो. इतका बिनतोड मसुदा मी पूर्वी केला नव्हता आणि नंतरही नाही. कोणीही, मीसुद्धा, त्यातून निसटू नये, याची मी काळजी घेतली.

"काय लिवून राह्यले?" पत्नीने विचारले.

"खोलीचे."

"कोनती खोली?"

"पन्हळीखालची. ती बांधायची नाही, असे."

तिने हातातली भाकरी थापून पुरी केली. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवले, उलटली. ती खोली मी तिला रेषेरेषेने सांगितलेली होती. टेबल कोणत्या भिंतीला, हेही तिला ठाऊक होते.

"पाटी म्होरच्या दाराले लावा," ती म्हणाली. "तिले कुठी खोली लागते." मग फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकली आणि पुढचीही माझ्याच ताटात टाकली, आणि मी दोन्ही खाल्ल्या.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. काकींच्या धाब्यावरचा थेंबन् थेंब पाट्यावर पडला, वळसे घेत गेला आणि आडाशी जिरला. शिमगा आला तेव्हा पत्नीने मला सांगितले की या खेपेला दमणी नको म्हणून बाबांना कळवा. मी कळवले. मेहुणा आला नाही. उत्तरही आले नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तर सगळ्याच लेकी माहेरी जातात. ती तेव्हाही गेली नाही. "आड कोनाच्या भरोशावर टाकू?" म्हणाली. "तुमी दोरी लांब सोडान."

आखाजीनंतर, भर वैशाखात, दुपारच्या वेळी दमणी दाराशी उभी राहिली. मेहुणा नव्हता, सासरे स्वतः आले होते. न्यायालयाला सुट्टी असल्यामुळे मी घरी होतो. पत्नी शेजारी काकींच्या धाब्यावर कुरडया घालत होती. मी म्हटले, "मामाजी, बसा, गूळपाणी आणतो."

"पानी मी पाह्यतो," ते म्हणाले, आणि सरळ मागे गेले.

मी गूळ शोधत होतो. ती वस्तू घरात कोठे असते हे मला माहीत नव्हते. बाहेर आलो तेव्हा उशीर झाला होता. आखूड दोरी त्यांना विचित्र वाटली होती. त्यांनी बैलांचा कासरा सोडून तिला जोडला होता, बादली तळापर्यंत सोडली होती, आणि मळ्यातला माणूस ओढतो तशी दोन-तीन वेळा हिसडून काठोकाठ भरून काढली होती. त्यांनी ओंजळ तोंडाला लावली आणि पाणी थुंकले.

"खारंच हाय," ते म्हणाले. त्यात जिंकल्याचा आनंद नव्हता. उन्हात एवढ्या लांब ते हेच ऐकायला आले नसावेत, असे मला वाटले.

पत्नी धाब्यावरून पाहत होती. ती खाली आली, आडात डोकावली. पाणी गढूळ फिरत होते.

"बाबा, तळ ढवळला तुमी."

"तळाचंच पानी गार असते, बाई."

"मळ्यात. अठी तळाले खार हाय."

"खार हाय तं मंग राह्यली कायले? गाठोडं बांध. ऊन उतरलं का बैल जुपतो."

मी म्हणालो की चाचणी सदोष पद्धतीने झाली असल्यामुळे तिचा निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. "जवाईबापू, माही पोरगी हाय. खटला नाई."

भिंतीवरून काकी बोलल्या, "पाव्हने, लोकाच्या घरचा आड पुसल्याबिगर ढवळते का कोनी? चुलीवरचं दूध बी असंच ढवळता काय?"

"या कोन?"

"मी पान्याची मालकीन," काकी म्हणाल्या. "रजिस्टर कागद हाय माह्याजोळ."

पत्नी हसली नाही. ती वडिलांना म्हणाली, "बैल दमले हायत. आज राहा. सकाळी मी काढीन पानी. मंग तुमी म्हनान तसं." गाठोडे मात्र तिने बांधले, त्यांच्या समोर बांधले, आणि दाराशी ठेवले. तिने ते इतक्या सरळपणे ठेवले की माझ्याजवळचे सगळे युक्तिवाद संपले.

ऊन कलल्यावर सासरे अंगणात हिंडले. केळीचे पान उचलून पाहिले, शेवग्याच्या बुंध्याला नख लावले. एके ठिकाणी पायाने पाला बाजूला सारला आणि वाकून खालची माती चिमटीत घेतली. वैशाखात ती ओलसर होती. ती त्यांनी जिभेला लावली. मग पाला हाताने, पायाने नव्हे, पुन्हा जागेवर पसरला. मला पाहून म्हणाले, "झाकून ठेवा असं," जणू काही ती शिकवण त्यांनीच आम्हाला दिली होती. एका अर्थी दिलीच होती.

सकाळी आड निवळला होता. पत्नीने कासरा सोडून वडिलांच्या हाती दिला. आखूड दोरीची बादली तिने अशी सोडली, जसे झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण टाकावे. बादली टेकली, कलंडली, अर्धी भरली. बादली वर आली. तिने तांब्या भरून वडिलांपुढे धरला.

त्यांनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला. मग तांब्या वर धरून सगळा रिकामा केला.

"मचूळ हाय जरासं," ते म्हणाले.

"हाव, जरासं हाय," ती म्हणाली.

"डाळ शिजते?"

"शिजते. वेळ लागते."

ते आडाच्या काठावर बसून राहिले. मग उठले. मी बैलांसाठी बादली घ्यायला गेलो तर त्यांनी हात धरला. "नको. बैल घरी जाऊन पेतीन. अठचं मानसाले पुरू द्या." त्यांनी दाराशी ठेवलेले गाठोडे उचलले, आत नेले आणि स्वतःच्या हातांनी सोडून खुंटीखाली ठेवले. तिने अळूची पाने बांधून दिली, ती त्यांनी दमणीत सावलीला ठेवली. निघताना मला म्हणाले, "पुढच्या साली आखाजीले धाडा. दोन दिस. आड मी येऊन सांभाळीन."

"दोरी लांब सोडान तुमी," पत्नी म्हणाली.

"नाई सोडनार, माय," ते म्हणाले, आणि बैलांना हाकारले.

मी गाडीमागे कोपऱ्यापर्यंत गेलो. परत आलो तर ती दारात नव्हती, घरातही नव्हती. अंगणात उभा राहून वर पाहिले. काकींच्या धाब्याच्या कडेला, जेथून स्टेशनचा रस्ता दिसतो, तेथे ती डोळ्यांवर हात धरून उभी होती.

"दिसतात का?" मी विचारले.

"आता वळले." ती आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग वाकून खाली पाहिले. "तुमी वर या. कालचा चीक तसाच राह्यला. कुरड्या घालाच्या हायत."

"मला येत नाही."

"वकील साहेब," धाब्यावरून काकींचा आवाज आला, "गोल काढाचा हाय, कलम नाई लावाचं. या!"

मी शिडी लावून वर गेलो. ऊन तापू लागले होते. पत्नीने सोऱ्या माझ्या हातात दिला, माझ्या हातांवर आपले हात ठेवले आणि पहिली कुरडई माझ्याकडून काढवून घेतली. ती गोल आली नाही.